डब्यातले लाडू कोठी गेले वं?

पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

मी २६ वर्षांची आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सासर. कापूस-तुरीची कोरडवाहू शेती, घरात सासू-सासरे, नवरा आणि आमची पाच महिन्यांची मुलगी. बी.एस्सी.ला अमरावतीत होस्टेलवर होते तेव्हा मुली मला 'भोपळा' म्हणायच्या. तिथून सुरू झालं. दोन-दोन दिवस जवळपास उपाशी राहायचं, मग एकदम सुटल्यासारखं खायचं, मग बोटं घालून उलटी काढायची. लग्न ठरल्यावर ते वाढलं. दिवस गेले तेव्हा पहिले तीन महिने मी खरंही ओकत होते आणि मुद्दामही. कोणालाच फरक कळला नाही. पाचव्या महिन्यात बाळ पोटात फिरायला लागलं आणि माझं आपोआप थांबलं. वाटलं, सुटले. बाळंतपण माहेरी झालं. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, दिवसातून पाच वेळा ताट. मला सासरी न्यायला आलेल्या बाया हसून म्हणाल्या, "काय फुगली वं!" त्याच रात्री पुन्हा सुरू झालं. आता सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात अंधारात उभ्यानं खाते. लाडू, उरलेली भाकर, शेंगदाणे, हाताला येईल ते. हात माझा नसल्यासारखा चालतो. मग मागच्या न्हाणीत जाते. सासूबाईंनी विचारलं, "डब्यातले लाडू कोठी गेले वं?" मी खोटं बोलले, पाहुण्यांना दिले म्हणून. एकदा रात्री नवऱ्यानं पाहिलं, पण त्याला वाटलं भूक लागली असेल. मुलगी जन्मली तेव्हा २ किलो ७०० ग्रॅम होती, साडेतीन महिन्यांच्या लसीला ५ किलो ६०० भरली. पण आता मला दूध कमी वाटतं. मधूनमधून छातीत धडधडतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. ज्या घरात क्विंटला-क्विंटलाचा हिशोब होतो तिथे मी अन्न न्हाणीत टाकते, हे पाप आहे. माझं दूध बाळाला बाधत असेल का? पावडरचं सुरू करू का? घरी सांगितलं तर 'येडी' म्हणून माहेरी पाठवतील. मन घट्ट करून गुपचूप सोडता येईल का?

उत्तर

पोरी,

धडधड आणि पोटऱ्यांतले गोळे हे तू पत्रात जाता जाता लिहिलंस. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीचं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही. वारंवार उलट्या काढल्या की शरीरातलं पोटॅशियम उतरतं, आणि हृदयाचे ठोके तालात राहायला तेच लागतं. ते फार उतरलं तर तरण्याताठ्या माणसाचंही हृदय अडखळतं. म्हणून याच आठवड्यात रक्त तपासून घे, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन दोन्ही, आणि ईसीजी काढून घे. गावाजवळ होत नसेल तर जिल्ह्याच्या दवाखान्यात जा. भोवळ येऊन पडलीस, उलटीत रक्त दिसलं, ठोके चुकल्यासारखे वाटले, तर त्याच घटकेला १०८ ला फोन लावायचा. 'उद्या बाजाराला जाऊ तेव्हा दाखवू' असं करायचं नाही.

आता दुधाचं, कारण तुझी झोप त्यानं उडवली आहे. तुझं दूध बाधत नाही. दूध रक्तातून तयार होतं, उलटीतलं काहीही त्यात जात नाही. शरीर इतकं मायाळू असतं की आईला कमी पडलं तरी ते तिच्या साठ्यातून काढून बाळाला देतं. झीज होते ती तुझी: तुझी हाडं, तुझं रक्त, तुझी ताकद. दूध कमी वाटतं म्हणतेस, पण चार-पाच महिन्यांनी छाती आधीसारखी दगडासारखी भरत नाही, हे सगळ्याच आयांना होतं आणि सगळ्याच घाबरतात. तुझ्या लेकीनं पहिल्या साडेतीन महिन्यांत २ किलो ९०० ग्रॅम वजन घेतलं, ते तुझ्याच दुधावर. ती दिवसभरात सहा-सात वेळा ओलं करत असेल, तर तिला पुरतंय. अंगणवाडीत परत एकदा वजन करून कार्डावर ठिपका टाकून घे. रेघ वर जाताना दिसली की पावडरचा विचार सोडून दे. रेघ आडवी झाली असेल तर डॉक्टरांना दाखव, स्वतःहून अंगावरचं तोडू नकोस. उलट्यांमुळे अंगातलं पाणी कमी झालं तर दूध थोडं घटू शकतं, म्हणून पाणी, ताक, वरणाचं पाणी पीत राहा. आणि पोट साफ करायच्या गोळ्या किंवा चूर्ण घेत असशील, तू तसं लिहिलं नाहीस पण अशा बऱ्याचजणी घेतात, तर तेही डॉक्टरांना सांग आणि अंगावर पाजत असताना आपल्या मनानं काही घेऊ नकोस.

तुझी 'पाप' ही ओळ वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. कोरडवाहूतला एक क्विंटल म्हणजे काय, हे मला माहीत आहे. बोंडअळी आली त्या सालाचं घर कसं असतं, तेही पाहिलं आहे. म्हणूनच तुला विचारते. पाप करणारा माणूस करायचं की नाही हे ठरवू शकतो ना? रात्री दोनला डब्यापुढे उभी असताना तू ठरवत असतेस का? तूच लिहिलंस, हात माझा नसल्यासारखा चालतो. तापात बडबडणाऱ्या माणसाला आपण खोटारडा म्हणत नाही. तुला आजार आहे. डॉक्टर त्याला बुलिमिया म्हणतात, आपण खाण्याचा विकार म्हणू. १९७९ साली लंडनमधल्या जेराल्ड रसेल या मनोविकारतज्ज्ञांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, आणि एक खूण लिहून ठेवली: उलटी काढायला बोटं घशात घालताना दात लागून लागून बोटांच्या मागच्या सांध्यांवर पडणारे घट्टे.

ती खूण मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी तीस वर्षं उपकेंद्रात नर्सबाई होते. एकदा गृहभेटीत एका बाळंतिणीचं रक्त तपासायला मी तिचा उजवा हात हातात घेतला. बाजेवर बसली होती, खाली शेगडी, घरभर ओव्याचा धूर. पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांवर तपकिरी, खरखरीत घट्टे. मी म्हटलं, "निंदायला गेली होतीस काय इतक्यात?" ती हसली, हात मागे घेतला. तिची आई म्हणाली, "लाडू खाते तरी आंगाला लागत नाही वं हिच्या." मी रजिस्टरमध्ये हिमोग्लोबिन लिहिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या घरी गेले. विचारलं नाही. विचारायचं काय, हेच मला माहीत नव्हतं. शहरातल्या, श्रीमंत घरच्या, सिनेमात जायला निघालेल्या मुलींचा हा आजार, असं मीही समजत होते. तुझ्या पत्राला इतकं लांब उत्तर लिहिते आहे, त्यामागे तो हातही आहे.

तू विचारतेस, मन घट्ट करून सोडता येईल का. मला वाटतं, आठ वर्षं तू मनच घट्ट करत आली आहेस आणि आजार त्यावरच पोसला गेला आहे. तुझं चक्र बघ. आधी येतं ते न खाणं. उपाशी शरीर काय करतं, याचा एक प्रयोग अमेरिकेत मिनेसोटा इथे १९४४-४५ मध्ये झाला होता. ३६ धडधाकट तरुण, स्वतःहून तयार झालेले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. मनानं निरोगी असलेली ती माणसं दिवसभर अन्नाशिवाय दुसरं बोलेनात. ताटल्या चाटायला लागली, पाककृती जमवायला लागली, चिडचिडी आणि उदास झाली. पोटभर मिळायला लागलं तेव्हा काहीजण आजारी पडेपर्यंत खात सुटले. त्यांना कोणी 'भोपळा' म्हटलं नव्हतं. त्यांची भूक फक्त दाबून ठेवली होती. रात्रीच्या तुझ्या हाताला तू हावरा समजतेस. तो दिवसभर दाबलेल्या भुकेचा हात आहे. सकाळी चहावर भागवलंस, दुपारी अर्धी भाकर चिवडलीस, वर अंगावर पाजणारी बाई तू, तर रात्री दोनला शरीर उठून आपला हिस्सा मागणारच. मग उलटी, मग लाज, मग 'उद्या काहीच खाणार नाही'. तुझा घट्टपणा तिथून पुन्हा सुरू होतो.

गरोदरपणात थांबलं आणि बाळंतपणानंतर उसळलं, याचाही तू स्वतःला दोष दिला आहेस. बाळासाठी जमलं, मग आता का जमत नाही, असं. बऱ्याच बायकांच्या बाबतीत हा आजार असाच वागतो. पोटात जीव असतो तेव्हा खायला सगळ्यांची, मुख्य म्हणजे स्वतःची, परवानगी असते. बाळ बाहेर आलं की ती परवानगी संपते. वर अपुरी झोप, ढिलं पोट, आणि आपल्याकडची जीभ. आपल्या भागात गरोदर बाईचं ताट साऱ्या गावाचं असतं. दोन जिवांची आहेस, खा. इतकं खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अडशील. डोहाळेजेवणात पाच-पाच वाढून आग्रह, आणि सव्वा महिना झाला की 'काय फुगली वं'. त्याच बाया, तीच तोंडं. तुझं अंग एक माणूस घडवून आणि त्याला पाजून त्या आकाराला आलं आहे. त्या बायांनी ते वाईट मनानं म्हटलं नसेल, पण त्या बोलण्यानं तुला जखम झाली हे खरं आहे. ती खोटी ठरवून तुझं समाधान करायचं नाही मला.

हे घरी सांगायचं का, आणि कोणाला?

'येडी म्हणतील, माहेरी पाठवतील' ही तुझी भीती मी उडवून लावत नाही. काही घरांत तसं होतं, मी पाहिलं आहे. पण तुझ्या घराबद्दलची भीती तू तुझ्याच पत्राशी ताडून बघ. नवऱ्यानं तुला रात्री स्वयंपाकघरात पाहिलं तेव्हा पहिली गोष्ट काय मनात आली त्याच्या? भूक लागली असेल. संशय आला नाही, ओरडलाही नाही. ज्याच्या मनात पहिल्यांदा भुकेचा विचार येतो, त्याला सांगायला जागा आहे असं मला वाटतं. आणि सासूबाईंनी लाडवांचं विचारलं ते एकदाच. तू सांगितलंस आणि त्यांनी ऐकून घेतलं. तरी त्यांना आधी सांगू नकोस, असंच माझं मत. प्रेमापोटी त्या दोन शेजारणींना विचारतील, कोणी बाहेरचं म्हणेल, कोणी देवऋष्याचा पत्ता देईल, आणि तुझा आजार विहिरीवर पोचेल. आधी नवरा, मग डॉक्टर. सासूबाईंना डॉक्टरच्या तोंडून.

सांगायची वेळ रात्रीची नको, न्हाणीतून आल्यावर तर नकोच. तो दुपारी शेतात जेवायला बसतो, शिदोरी घेऊन जातेस तेव्हा, किंवा गाडीवर तालुक्याला निघालात तेव्हा. गाडीवर एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, अवघड बोलणं सोपं जातं. इतकंच म्हण: "मला एक आजार आहे, लग्नाच्या आधीपासून. मी जास्त खाते आणि मग उलटी काढते. माझं मला थांबवता येत नाही. डॉक्टरकडे जायचं आहे, तुम्ही सोबत या." कारणं त्याच दिवशी देत बसू नकोस. त्यानं चुकून 'मग नको ना काढू उलटी' म्हटलं तर खचू नकोस. माहीत नसलेला माणूस पहिल्यांदा तेच म्हणतो.

आणि नवऱ्याला सांगण्याआधी एखाद्या अनोळखी माणसाशी बोलावंसं वाटलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर आहे. केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केला. पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला डब्याकडे जायच्या आधी तो लावून बघ. जिवाचं काही करून घ्यावं असा विचार मनात आला, पुसट का होईना, तर तो लावच, आणि त्या रात्री एकटी राहू नकोस, नवऱ्याला उठव. बाळंतपणानंतरची उदासी या आजाराच्या हातात हात घालून येते. तशी ती आली तर त्यात तुझा कमकुवतपणा शोधू नकोस.

इलाज आहे, आणि तो बोलण्याचा आहे. मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक दिवसांनी भेटतात, खाण्याची घडी बसवतात, डोक्यातल्या विचारांची गाठ सोडवतात. गरज पडली तर गोळ्याही असतात, आणि त्यांतल्या काही अंगावर पाजताना चालतात. कोणती ते डॉक्टर ठरवतील. 'गोळी म्हणजे दूध तोडायचं' हे गृहीत धरून दवाखाना टाळू नकोस. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, आणि जरा लांब जायची तयारी असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं एम्स. ओपीडीत 'सोबतच्यांना बाहेर बसू द्या' असं तू सांगू शकतेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुझ्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे.

तोपर्यंत घरात काय करायचं ते सांगते. किती खायचं याचे आकडे मुद्दाम देत नाही, तू ते मोजत बसशील.

दिवसात तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ उपाशी राहायचं नाही. इतकंच पहिलं काम. उलट्या थांबवणं हे दुसरं, ते पहिल्याच्या मागोमाग येतं. सकाळी चहाबरोबर भाकर किंवा पोळी, काहीतरी दातांना लागणारं. दहाच्या सुमारास जेवण. दुपारी मूठभर शेंगदाणे-गूळ, नाहीतर लाडू. लाडू बशीत घेऊन, बसून, उजेडात, सगळ्यांसमोर. संध्याकाळी परत थोडं, रात्री वरण-भात-भाजी. आदल्या रात्री काहीही झालं असो, सकाळची भाकर चुकवायची नाही. ती चुकली की रात्रीचा डबा ठरलेलाच. हे करताना पहिले आठ-दहा दिवस पोट फुगल्यासारखं वाटेल, भीती वाटेल. ते सवयीनं उतरतं. डब्याला कुलूप लावायला सांगू नकोस. कुलपातला लाडू जास्त हाका मारतो.

जेवणानंतरचा तास तुला सगळ्यात कठीण आहे, हे मला कळतं. तेव्हा एकटी राहू नकोस. ओसरीवर बस, लेकीला मालिश कर, सासूबाईंसोबत तुरीच्या शेंगा सोल, आईला फोन लाव. उलटीची ओढ शेवटपर्यंत वाढत जात नाही, बहुधा तासाभरात ती ओसरते. एखाद्या दिवशी नाहीच जमलं आणि उलटी झाली, तर लगेच ब्रश करू नकोस. पोटातल्या आम्लानं दातांवरचं कवच मऊ पडलेलं असतं, ब्रशनं ते खरवडून निघतं. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भर, निदान अर्धा तास थांब, थोडी जलसंजीवनी पी. आणि मग पुढच्या ठरल्या वेळेला जेव. शिक्षा म्हणून उपास नको.

लोहाची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस असते, तुझे ते दिवस अजून संपलेले नाहीत. ज्या वेळेला उलटीचा धोका सगळ्यात कमी, तेव्हा घे, लिंबूपाण्यासोबत, चहासोबत नाही. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर गोळी गेली असं समज.

उपासांचं मला ठाम बोलायचं आहे. सोमवार, चतुर्थी, हरतालिका, नवरात्र, सगळे यंदा बंद. मी देवभोळी आहे, दर वर्षी महालक्ष्म्यांना आंबील करते, तरी सांगते. तुझ्यासारखीला उपास म्हणजे आजाराला घातलेलं खत. घरात 'पाजती आहे, डॉक्टरांनी नाही म्हटलं' एवढं पुरेल, त्यावर कोणी वाद घालत नाही. आणि खरं सांग, होस्टेलवर असताना दोन-दोन दिवस उपाशी राहायचीस, ते भक्तीनं का? मला पत्रातून तसं वाटलं नाही.

आरशासमोर पोट धरून उभं राहणं आणि वजनकाटा, दोन्ही काही महिने सोड. दवाखान्यात वजन घ्यावं लागलं तर काट्यावर पाठ फिरवून उभी राहा आणि नर्सबाईंना सांग, आकडा मला सांगू नका. त्या लिहून घेतील. मी पुष्कळदा घेतला असता, कोणी सांगितलं असतं तर.

लेकीचं उष्टावण महिन्याभरावर आलं आहे. तिला भरवताना तुझं काय होईल, ही भीती तू लिहिली नाहीस, पण ती येईल, म्हणून आधीच सांगते. मऊ वरण-भात, वर थोडं तेल किंवा तूप, पहिल्यांदा दोन-तीन चमचे. तिनं तोंड फिरवलं की थांबायचं, ती मागेल तेव्हा द्यायचं. तिला तिची भूक कळते, अजून कोणी तिला काही म्हटलेलं नाही. तुझा हात थरथरला तर दोन घास सासूबाईंना भरवू दे, तू शेजारी तुझं ताट घेऊन बस. आणि घरात आजपासून एक नियम घाल: लेकीच्या अंगावरून 'बारकी', 'गुबगुबीत', 'काळी' काही बोलायचं नाही, लाडानंसुद्धा.

हे पत्र वाचणाऱ्या इतर बायांशीही दोन शब्द. तुम्हाला दिवस गेले असतील आणि उलट्या आपोआप होत आहेत की तुम्ही काढत आहात, हे फक्त तुम्हालाच माहीत असेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे ते डॉक्टरांच्या कानात सांगा. तो एक शब्द त्यांना कळला की त्या तुमच्या वजनाकडे, रक्ताकडे, बाळाच्या वाढीकडे वेगळ्या नजरेनं बघतील. बाळ मोठं होऊन अडेल म्हणून कोणी कमी खात असाल तर तसं करू नका. एरवीचं वजन बरं असेल तर नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वाढणं चांगलं. कमी खाऊन बाळंतपण सोपं होत नाही, बाळ अशक्त होतं आणि आईचं रक्त उतरतं. माती, भाजलेली खापरी, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील, तर तो बहुतेक वेळा रक्त कमी असल्याचा इशारा असतो. डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका, हिमोग्लोबिन तपासा. गरोदरपणात ते ११ च्या खाली नको. आणि ज्यांचा नवरा 'भूक लागली असेल' म्हणणारा नाही, त्यांनी माहेरची बहीण, आशाताई, नर्सबाई, यांतली जी तोंड बंद ठेवते ती निवडावी. आशाताई गावातलीच असते, म्हणून ओशाळायला होतं, हे खरं. मग दुसऱ्या गावच्या उपकेंद्रात जा.

सासवांनो, आयांनो, डबा रिकामा दिसला तर 'कोठी गेले' असं विचारू नका. त्याऐवजी सुनेला जवळ बसवून तिच्यासोबत दोन घास खा आणि जेवण झाल्यावर तासभर तिच्याशी बोलत राहा. कारण कळलं नाही तरी चालेल.

पोरी, डॉक्टरांसमोर बसल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाही, हे मला माहीत आहे. समोर गर्दी असते, मागे रांग, कंपाउंडर नाव पुकारत असतो. म्हणून आज दुपारी, लेक झोपली की, हे वहीच्या कागदावर उतरवून घे:

"मला आठ वर्षांपासून खाण्याचा विकार आहे. मी उपाशी राहते, मग खूप खाते आणि उलटी काढते. आठवड्यातून अमुक वेळा. गरोदरपणात पाचव्या महिन्यापासून बंद होतं, बाळंतपणानंतर परत सुरू झालं. मी अंगावर पाजते. छातीत धडधडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. माझं पोटॅशियम तपासा आणि मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. घरच्यांना मी स्वतः सांगेन."

'अमुक' च्या जागी खरा आकडा लिही. कागदाची घडी कर आणि लेकीच्या लसीच्या कार्डात ठेव. ते कार्ड तू कुठेही जाताना विसरत नाहीस.